पर्वणी आणि उरलेले दिवस

२ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर २०२७. बारा वर्षांच्या हिशेबात त्र्यंबकेश्वरच्या वाट्याला येणारे हे पर्वणीच्या स्नानाचे तीन दिवस. जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण हे सिंहस्थाचं एक टोक आणि २४ जुलै २०२८ ला ध्वज उतरणं हे दुसरं. पण वाहिन्यांचे कॅमेरे, ड्रोन, मंत्र्यांचे ताफे आणि आखाड्यांच्या मिरवणुका यांचा सगळा जीव या तीन तारखांत गुंतलेला. नाशिकची तिसरी पर्वणी एक दिवस आधी, ११ सप्टेंबरला. त्र्यंबकची १२ ला. दोन गावांत अंतर जेमतेम अठ्ठावीस किलोमीटरचं. पण सिंहस्थाचं नाव कोणाचं आधी घ्यायचं, 'नाशिक-त्र्यंबकेश्वर' की 'त्र्यंबकेश्वर-नाशिक', यावरून त्र्यंबकचे आखाडे जे बोलले, त्यानेही वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

२०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास माणसं असलेलं हे गाव पर्वणीला लाखांचं होतं. दुसऱ्या दिवशी बातमीदार परततात. बारा वर्षांतून तीन दिवस वजा केले तर चार हजार तीनशे ऐंशी दिवस उरतात. हा लेख त्या उरलेल्या दिवसांबद्दल आहे.

हे दिवस रिकामे नसतात. दर सोमवारी दुपारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्त कुंडावर जातो, तिथं त्याला स्नान घडतं, आणि वाद्यांच्या गजरात पालखी माघारी येते. वर्षाला बावन्न सोमवार. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या पायी येतात, थंडीनं बोटं आखडलेली असतानाही टाळ थांबत नाहीत. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रथ निघतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्रीपासून ब्रह्मगिरीची फेरी सुरू होते: वीसेक किलोमीटर, चिखल, पाऊस, हातात बॅटरी, पायात कोणाच्या चपला तर कोणी अनवाणी. तरुण पोरांचे घोळके पहाटेच्या आत फेरी संपवण्याच्या ईर्ष्येनं निघतात. या फेरीची बातमी येते ती 'लाखो भाविकांची गर्दी' एवढी एका ओळीची. कोण चाललं, कशासाठी चाललं, वाटेतल्या पाड्यावर चहाचं पातेलं रात्रभर कोणी उकळत ठेवलं, हे कोणी लिहीत नाही.

मग त्र्यंबकची बातमी होते तरी कधी?

एप्रिल २०१६ मध्ये झाली. सोवळं नेसलेल्या पुरुषांना पहाटे ठराविक वेळात गर्भगृहात जाता येई, स्त्रियांना नाही. शनिशिंगणापूरच्या वादातून उच्च न्यायालयानं स्त्रियांना मंदिरप्रवेश नाकारता येणार नाही असं म्हटल्यावर प्रश्न त्र्यंबकला येऊन थडकला. देवस्थाननं आधी पुरुषांचाही प्रवेश थांबवून पाहिला. नंतर ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्राची अट घालून स्त्रियांना सकाळचा एक तास दिला. बातमी आठवडाभर चालली. त्याआधी कित्येक पिढ्या ज्या बायका सभामंडपातूनच हात जोडून परतत होत्या, त्या कधी बातमीचा विषय झाल्या नव्हत्या. बातमीला दरवाजा उघडताना दिसला. बंद असलेला दरवाजा मात्र रोजचा होता, म्हणून दिसला नव्हता.

मे २०२३ मध्ये पुन्हा झाली. १३ मेच्या रात्री संदलच्या मिरवणुकीतली काही माणसं धूप घेऊन मंदिराच्या दाराशी आली, सुरक्षारक्षकांनी अडवलं, व्हिडिओ फिरला, तक्रार झाली, सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. गावातल्या काहींनी सांगितलं की पायरीपासून धूप दाखवून पुढं जाण्याची ही जुनीच रीत आहे. काहींनी अशी रीत असल्याचंच नाकारलं. चर्चेसाठी वाहिन्यांवर बसलेल्यांपैकी कितीजणांनी आधीच्या वर्षीची ती रात्र पाहिली होती? ज्या गोष्टीची कधी नोंदच झाली नाही, ती परंपरा होती की नव्हती हे अखेर मोठ्या आवाजात बोलणारा ठरवतो. त्र्यंबकसारख्या गावात याची किंमत बातमीदाराला नाही, गावाला मोजावी लागते. फुलवाल्यापासून वाहनतळावरच्या पोरापर्यंत सगळ्यांचा धंदा येणाऱ्या माणसावर चालतो.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर बातमीदारच बातमी झाले. सिंहस्थाच्या निमित्तानं साधू-महंतांच्या बैठकीचं वार्तांकन करायला निघालेल्या पत्रकारांना गावाच्या तोंडाशी, गाड्यांची पावती फाडणाऱ्या नाक्यावर मारहाण झाली. निषेध झाले, अटका झाल्या. त्या नाक्यावर पावतीवरून होणारी वादावादी बाहेरगावच्या भाविकांना नवी नव्हती. मार पत्रकारांना बसला तेव्हा ती राज्याला कळली.

या तिन्ही बातम्यांत एक गोष्ट सारखी आहे. जे रोज घडत होतं ते एके दिवशी कॅमेऱ्यासमोर घडलं. बाकी काही नवं नव्हतं.

कॅमेऱ्याचा विषय निघाला की त्र्यंबकला एक नाव घ्यावंच लागतं. ३० एप्रिल १८७० रोजी इथल्या एका विद्वान ब्राह्मण घरात धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब गाव सोडून मुंबईला गेलं. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, पुढं बडोद्याच्या कलाभवनात गेला. फोटोग्राफी केली, नाटकाचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले, पुरातत्त्व खात्यात नक्षे काढले, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला आणि भागीदारांशी बिनसल्यावर तो सोडला. चाळिशीत मुंबईच्या एका तंबू-थिएटरात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. त्याच्या जागी त्यांना कृष्ण आणि राम दिसू लागले. पुढचं सर्वांना पाठ आहे: १९१२ ची लंडनवारी, विल्यमसन कॅमेरा, ३ मे १९१३, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ, 'राजा हरिश्चंद्र'.

पाठ नसलेली गोष्ट त्याच्या थोडी आधीची आहे. लंडनहून आल्यावर फाळक्यांकडे कॅमेरा होता, पैसा नव्हता. धनको चित्रपटावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. तेव्हा त्यांनी घरातल्या कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म फिरवत महिनाभराहून जास्त काळ त्या एका रोपाचं चित्रण केलं. पडद्यावर काही क्षणांत बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाली. 'अंकुराची वाढ' पाहून कर्ज देणाऱ्याचं मन वळलं. उरलेल्या रकमेसाठी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने होतेच. याच सरस्वतीबाई पुढं रात्री फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करत, आणि दिवसा अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक.

भारतीय चित्रपटाच्या जनकानं पहिल्यांदा चित्रित केलं ते घरातलं रोप, हे विसरलं जातं. फाळके म्हटलं की पौराणिक चमत्कार आठवतात. 'लंकादहन' मध्ये पेटलेली शेपटी, 'कालिया मर्दन' मध्ये फण्यावर नाचणारी त्यांची लेक मंदाकिनी. त्यांत गैर काही नाही. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये पडद्यावर राम आला की प्रेक्षक चपला काढून हात जोडत, अशा हकिकती आहेत. पण त्यांच्या कामाच्या यादीत दुसराही एक सूर आहे. 'आगकाड्यांची मौज' आहे. तळेगावच्या काच कारखान्याचं चित्रण आहे. लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन उभा केलेला, पैसा फंडाचा तो कारखाना. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट आहे. गोदावरीची दृश्यं आहेत, आणि 'सिंहस्थ पर्वणी' हे शीर्षकही आहे. त्र्यंबकचा हा मुलगा कॅमेरा घेऊन नाशिकला राहायला आला आणि आपल्या मुलखातली पर्वणी त्यानं टिपली. एका अर्थी तो इथला पहिला वृत्तछायाचित्रकार होता, फरक इतकाच की त्याच्यामागं वाहिनी नव्हती.

रोजचं जगणं आणि खेळ यांची गल्लत त्यालाही चुकली नाही. 'हरिश्चंद्र'चं बाहेरचं चित्रण वांगणीला सुरू असताना, ढाल-तलवारी घेतलेली ही मंडळी दरोडेखोर आहेत असं समजून गावकऱ्यांनी पाटलाला खबर दिली आणि कंपनीला अटकेत बसावं लागलं, असा किस्सा सांगतात. आज त्याच गावकऱ्यांच्या पणतवंडांकडे मोबाइल आहे; तलवारवाले दिसले तर ते आधी रील करतील.

फाळक्यांचा शेवटचा चित्रपट १९३७ चा 'गंगावतरण'. कोल्हापूर सिनेटोनसाठी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांचा एकमेव पूर्ण बोलपट. ब्रह्मगिरीवर गोदा उतरली असं जिथं घरोघरी सांगतात, त्या गावात जन्मलेल्या माणसानं अखेरीला नदी आकाशातून उतरण्याचीच गोष्ट सांगावी! यात योजना होती की योगायोग, याच्या फंदात पडण्यात अर्थ नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये परेश मोकाशींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढली. २०२३ मध्ये राजामौलींच्या घोषणेतून आणि २०२५ मध्ये आमिर खान-राजकुमार हिराणींच्या घोषणेतून फाळक्यांवरचे दोन वेगळे चित्रपट येणार असल्याचं कळलं. मनोरंजनाच्या पानांवर चर्चा झाली ती नायक कोण याची. वाटाण्याचं रोप कोण वाढवणार, हे कोणी विचारलं नाही.

उरलेल्या दिवसांची सर्वांत चिवट नोंद त्र्यंबकमध्ये कॅमेऱ्यानं नव्हे, वहीनं ठेवली आहे. तीर्थपुरोहितांच्या घरी नामावळ्या असतात. यजमान ओटीवर टेकला की पाणी देता देता प्रश्न येतो: गाव कोणतं? आडनाव? मूळ कुठले? मग आतून लांबट, बांधलेली चोपडी येते. पानं उलटतात. जुन्या नोंदी मोडीत. आणि कोणत्या तरी पानावर आजोबांची सही निघते: अमुक साली, अमुक कारणानं, बरोबर अमुक अमुक. शहरात वाढलेला नातू त्या सहीवर बोट ठेवतो आणि खिशातला मोबाइल काढून फोटो घेतो. त्याच्या खाली तो आपलं नाव लिहितो, मुलांची नावं लिहितो, हल्ली शेजारी फोन नंबरही लिहितो.

या वह्यांत बातमी नसते. दुष्काळ, प्लेग, युद्ध यांचा उल्लेख असलाच तर माणसं मेली म्हणून क्रियाकर्माला आली, एवढा. पण घराणं कोकणातून वऱ्हाडात कधी सरकलं, कोण सुरतेला गेलं, कोणत्या पिढीत इंदूर आलं आणि कोणत्या पिढीत पुणे, हे तिथं सलग वाचता येतं. या नोंदीतही एक मोठं भगदाड आहे: वंश पुरुषांकडून मोजला जातो, त्यामुळे लेकी परक्या चोपडीत जातात आणि मागचा धागा तुटतो.

या घरांचा रोजगार ज्या विधींवर चालतो त्याबद्दल मत असणं भाग आहे. नारायण नागबळी तीन दिवसांचा. नवं पांढरं धोतर, पांढरी साडी, कांदा-लसूण वर्ज्य जेवण. देशभरातून माणसं त्यासाठी इथं येतात. मूल होत नाही, धंदा बसला, घरात अपमृत्यू झाला, अशी दुखणी घेऊन येतात. कालसर्प शांतीची मागणी तर पाट्यांवरून आणि आता इंटरनेटवरच्या जाहिरातींवरूनच कळते. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत कालसर्पाचा पत्ता नाही, असं या विधीवरचे टीकाकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्याऐवजी पाट्या वाढत गेल्या. भीतीवर उभा असलेला व्यवहार म्हणून त्यावर टीका व्हायलाच हवी. पण ती करताना त्या दाराशी बसलेल्या जोडप्याकडेही पाहावं. तीन दिवस त्यांचं कोणीतरी सलग ऐकून घेतं, गेलेल्याचं नाव मोठ्यानं उच्चारतं. हे त्यांना इतरत्र मिळालेलं नसतं, म्हणून ते इथपर्यंत येतात.

हा रोजचा गाडा पुरता थांबला तो करोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये मंदिरं बंद झाली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली. पुन्हा २०२१ मध्ये बंद, आणि त्या ऑक्टोबरात घटस्थापनेला उघडली. एरवी जानेवारी २०२३ मध्ये पिंडीच्या वज्रलेपासाठी आठवडाभर दर्शन बंद ठेवलं तेव्हाही आगाऊ सूचना, पर्यायी तारखा, सगळं रीतसर झालं होतं. टाळेबंदीत ओटीवरच्या चोपड्यांत नवं पान उघडलं गेलं नाही. मरणं इतकी झाली असताना.

त्र्यंबकच्या देवाची एक वस्तू मात्र अशी आहे की तिच्या प्रवासाची नोंद जगभर ठेवली गेली. नाशिकचा हिरा. मूळचा हा या देवस्थानाचा, असं त्याचा इतिहास सांगतो. दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला, लंडनच्या बाजारात विकला गेला, वेस्टमिन्स्टरच्या सरदार घराण्याकडे आला, पुढं अमेरिकेत हॅरी विन्स्टननं तो पुन्हा पैलू पाडून घेतला. ४३.३८ कॅरट. १९७० च्या लिलावात पाच लाख डॉलर. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या वर्षी, किती वजन घटवून, सगळं सापडतं. फाळक्यांच्या 'सिंहस्थ पर्वणी'चं रीळ कुठं गेलं, ते सापडत नाही. नोंद वस्तूच्या मोलाप्रमाणं होते आणि मोल विकणारा ठरवतो.

गावाबाहेर पडलं की उरलेल्या दिवसांचा रंग बदलतो. त्र्यंबक तालुका मुख्यतः आदिवासींचा: महादेव कोळी, ठाकर, कोकणा, कातकरी. नाशिक शहराच्या कित्येक पट पाऊस इथं कोसळतो. पहिने, दुगारवाडीच्या धबधब्यांवर जुलै-ऑगस्टच्या रविवारी शहर लोटतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडीला पर्यटक अडकले, एक वाहून गेला, तेव्हा ती बातमी झाली. त्याच डोंगरांतल्या बायका मार्चपासून हंडा घेऊन पाण्यामागं फिरतात. ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या मेटघर किल्ल्यावर, म्हणजे ज्या डोंगरातून १,४६५ किलोमीटरची गोदावरी निघते त्याच डोंगरावर, विहिरीच्या कड्याला पाय लावून खाली उतरणाऱ्या बायकांची दृश्यं एप्रिल २०२२ मध्ये देशानं पाहिली.

त्याच्या थोडं आधी खरशेतच्या शेंद्रेपाड्याचा फोटो आला होता. तास नदीची खोल घळ, तिच्यावर आडव्या टाकलेल्या लाकडाच्या बल्ल्या, आणि त्यावरून डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायका. फोटो इतका नेमका होता की त्याखाली मजकुराची गरज नव्हती. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली, काही दिवसांत लोखंडी पूल बसला, जानेवारी २०२२ च्या अखेरीस मंत्री स्वतः येऊन गेले. एका छायाचित्रानं जे वर्षानुवर्षांच्या अर्जांनी झालं नव्हतं ते करून दाखवलं. मग जुलै आला. पुरानं पूल नेला. बायका पुन्हा बल्ल्यांवर. दुसऱ्या बातमीला पहिलीएवढी जागा मिळाली नाही.

हा प्रसंग वृत्तपत्रविद्येच्या वर्गात शिकवावा असा आहे. पहिल्या फोटोत धोका होता, तोल होता, डोळ्यांत भरणारी रचना होती. पण पाड्याची अडचण रचनेची नव्हती, ती चार हजार तीनशे ऐंशी दिवसांची होती. पूल बसवला तो फोटोतल्या दृश्यावर, नदीच्या पावसाळी पातळीवर नव्हे. वाटाण्याच्या रोपासमोर महिनाभर कॅमेरा रोवून बसण्याची सवय आपल्या बातमीदारीत राहिली असती तर कदाचित श्रावणातली घळही कोणी आधी पाहिली असती. अर्थात त्यासाठी बातमीदाराला महिनाभराचा पगार द्यायला कोणीतरी हवं. जिल्ह्याच्या ठिकाणचे बहुतेक वार्ताहर मजकुराच्या मोलावर आणि जाहिराती मिळवण्याच्या अटीवर काम करतात. त्यांच्यावर खापर फोडणं सोपं, आणि चुकीचं आहे.

याच मुलखात, त्र्यंबकपासून पेठ, जव्हार, मोखाड्यापर्यंत, बोहाडा होतो. रात्र रात्र संबळ आणि सनई, एकेक देव-दैत्य मुखवटा चढवून अंगणात येतो, नाचतो, जातो. गणपती, सरस्वती, रावण, भीम. कोणतं सोंग कोणत्या घराण्यानं आणायचं हे ठरलेलं. मुखवटा वर्षभर त्या घरात जपलेला. फाळक्यांनी पडद्यावर जे केलं त्याचं हे धाकटं रूप म्हणायचा मोह होतो, पण वयानं हेच थोरलं असावं. बोहाड्याची दखल सांस्कृतिक पुरवण्या घेतात ती सुंदर छायाचित्रांसह, आणि सोंग काढणारा माणूस आठ महिने कुठं मजुरीला असतो हे त्या पानावर मावत नाही. द्राक्षबागांचा हंगाम आला की इथली माणसं दिंडोरी-निफाडच्या बाजूला असतात.

नदीचंही तसंच. सिंहस्थ आला की घाट, काँक्रीट, रस्ते. आधीच्या बांधकामांत त्र्यंबक गावातली गोदावरी स्लॅबखाली गेली. उगमापासून हाकेच्या अंतरावर नदी दिसेनाशी झाली, आणि पर्यावरण कार्यकर्त्यांना तिच्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी सुपलीची मेट इथं डोंगर पोखरण्याचं काम उजेडात आलं, तेही गावकरी आणि कार्यकर्ते ओरडले म्हणून. अंजनेरीवर गिधाडं आहेत, जगात क्वचितच इतरत्र आढळणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदिलपुष्पाची जात आहे, आणि पायथ्याला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. रोपवेची योजना आली तेव्हा गिधाडं बातमीत आली. नाणी अजून आलेली नाहीत. माणसांच्या हातातून रोज फिरलेल्या, झिजलेल्या पैशांवरून राजवटींचा इतिहास लावणारी ही संस्था रस्त्यावरून दिसते, तरी देवदर्शनाच्या घाईत ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

येत्या सिंहस्थाचं चित्रण मात्र अपुरं पडणार नाही. प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. २०१५ च्या शाही स्नानाचेही, त्र्यंबकचं तिसरं २५ सप्टेंबरला झालं, हजारो व्हिडिओ निघाले होते. त्यांतले किती आज कोणाकडे शाबूत असतील? मेमरी कार्ड बिघडलं, फोन बदलला, संपलं. फाळक्यांच्या काळी रीळ जळायचं, आता फोनबरोबर विकलं जातं.

जळण्याचं तर खरोखर घडलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच हाती राहिलं, आणि तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्णजन्म' तुकड्यांत उरले. 'कालिया मर्दन' बराचसा वाचला तो पी. के. नायर यांच्यामुळे; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या या संस्थापक-संग्राहकानं फाळके कुटुंबाकडून मिळालेले सुटे तुकडे फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधारे क्रमानं लावले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्याच संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा जानेवारी २००३ मधल्या आगीत भस्मसात झाला. ते वर्षही सिंहस्थाचंच होतं. ऑगस्टमध्ये नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, आणि जानेवारीची आग लोकांच्या लक्षात राहिली नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. नाशिक, त्र्यंबक, इगतपुरी, सिन्नरकडच्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत अजूनही काय काय पडून असेल. १९२०, १९३२, १९४४, १९५६ च्या सिंहस्थांचे फोटो, काचेच्या निगेटिव्ह, आठ मिलिमीटरची घरगुती फिल्म, एखाद्या पाहुण्यानं टिपलेला साधा सोमवारचा बाजार. पर्वणीचे असतील तर उत्तमच. पण पाणवठा, एसटीचा थांबा, ओटीवरची पंगत, दुकानाची पाटी, यांचे असतील तर ते आधी बाहेर काढा. प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलनं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा, शाईनं नको. फिल्म १९५० च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची असू शकते आणि अशी फिल्म साध्या ठिणगीनंही भडकते: उन्हात ठेवू नका, देवघराजवळ ठेवू नका, प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तिथं एक पत्र टाका.